रिसीव्हरवरचे उणे आकडे: व्हॉल्यूमची सेटिंग पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

नवा रिसीव्हर, म्हणजे टीव्ही आणि प्लेअरचा आवाज घेऊन खोलीतले सगळे स्पीकर वाजवणारा डबा, जोडला त्या संध्याकाळी त्याच्यावर 'उणे ५२' उमटलं आणि मला वाटलं, यंत्र बिघडलेलंच आलंय. टीव्हीवर आयुष्यभर ० ते १०० बघितलेल्या माणसाला उणे ५२ म्हणजे डोक्यावरचं कर्ज वाटतं. ते फेडायला मी बटण दाबून धरलं. उणे ४०, उणे ३०, उणे १५. सिनेमातली दोन माणसं हळू आवाजात बोलत होती, त्यामुळे काही वावगं वाटलं नाही. मग त्यांच्यापैकी एकाने दार आपटलं.

घरातले सगळे आमच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यानंतर महिनाभर घरात रिमोटला कोणी हात लावायचं नाही आणि मी लावला की सगळ्यांचे कान टवकारलेले.

पुढे मॅन्युअल वाचून, सेटिंग चुकवून आणि पुन्हा लावून जे कळलं ते इथे क्रमाने मांडलं आहे. क्रम महत्त्वाचा आहे. पायरी ३ न करता पायरी ७ केली तर उलटंच होतं, आणि ते मी करून बघितलेलं आहे.

हाताशी काय हवं

- रिसीव्हरचा रिमोट, आणि टीव्हीच्या पडद्यावर दिसणारा रिसीव्हरचा मेनू
- रिसीव्हरबरोबर आलेला मोजणीचा छोटा मायक्रोफोन (खोक्याच्या तळाशी पिशवीत असतो, बरेच जण तो खोक्यासकट माळ्यावर टाकतात)
- कॅमेऱ्याचा ट्रायपॉड, किंवा मायक्रोफोन कानाच्या उंचीवर स्थिर राहील असं काहीही
- फोनमध्ये आवाजाची पातळी मोजणारं ॲप
- कागद आणि पेन्सिल
- पंखा, एसी, वॉशिंग मशीन बंद ठेवता येईल असा एक तास

कागदावर पहिलं काम: आत्ताचे आकडे आहेत तसे उतरवून घ्या. गोंधळ झाला तर परत फिरायला वाट हवी.

१. आकडा कोणत्या पट्टीवरचा आहे ते बघा

रिसीव्हर आवाज दोन प्रकारे दाखवतो. एक सरळ पट्टी, ० पासून वर चढत जाणारी. दुसरी डेसिबलची, जिच्यात बहुतेक वेळ उणे आकडेच दिसतात.

विहिरीचं पाणी किती खोल आहे हे आपण काठापासून मोजतो, तळापासून नाही. डेसिबलची पट्टी तशीच आहे. शून्य हा काठ. उणे ४० म्हणजे आवाज काठापासून ४० डेसिबल खाली. पट्टी शून्याच्या वरही थोडी जाते, पण तिथे पाणी काठावरून वाहायला लागलेलं असतं.

दोन्ही पट्ट्या एकाच गोष्टीच्या आहेत, फक्त खुणा वेगळ्या. डेनॉन आणि मरांट्झच्या रिसीव्हरवर सरळ पट्टी ० ते ९८ असते आणि तिच्यावरचा ८० म्हणजे डेसिबलचा शून्य. म्हणजे ५० दिसलं की ८० वजा करा: उणे ३०. त्यांची डेसिबलची पट्टी उणे ७९.५ पासून अधिक १८ पर्यंत जाते. यामाहाची उणे ८० पासून अधिक १६.५ पर्यंत. मेनूत 'ऑडिओ' आणि मग 'व्हॉल्यूम' असं गेलं की 'स्केल' सापडतं.

माझं मत विचाराल तर डेसिबलचीच पट्टी ठेवा. सरळ पट्टीवरचं ५० बघून 'अजून अर्धा आवाज बाकी आहे' असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. का, ते पुढच्या पायरीत.

२. डेसिबल म्हणजे किती, हे कानाला शिकवा

ही पायरी मेनूतली नाही, पण हिच्याशिवाय बाकीचे आकडे नुसतेच पाठ करावे लागतात.

डेसिबल हा बेरजेचा आकडा दिसतो आणि गुणाकाराचं काम करतो. ३ डेसिबल वर गेलात की अँप्लिफायरला दुप्पट वॅट द्यावे लागतात. १० डेसिबल वर गेलात की दहापट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण 'दुप्पट मोठा' एवढीच वाटते, आणि १ डेसिबलचा फरक तर लक्ष देऊन ऐकल्याशिवाय कळतही नाही.

आता पट्टीकडे बघा. उणे ४० वर स्पीकरला जेवढी वीज जाते त्याच्या दहापट उणे ३० वर, शंभरपट उणे २० वर, हजारपट उणे १० वर. बटण प्रत्येक वेळी तेवढंच दाबलेलं असतं. म्हणून 'अजून थोडासा' हा शब्द पट्टीच्या खालच्या टोकाला निरुपद्रवी आणि वरच्या टोकाला महाग आहे.

यातूनच आणखी एक गोष्ट उलगडते. १०० वॅटचा रिसीव्हर ५० वॅटच्या दुप्पट मोठा वाजेल असं समजून लोक जास्तीचे पैसे मोजतात. त्या दोघांत फरक फक्त ३ डेसिबलचा. रिमोटवर तो सहा टिचक्यांचा होतो, कारण बहुतेक रिसीव्हर अर्ध्या अर्ध्या डेसिबलने सरकतात.

एक छोटा सराव करा. ओळखीचं गाणं लावा, आवाज ३ ने कमी करा, डोळे मिटून ऐका. मग १० ने. दोन-तीनदा केलंत की 'तीन कमी कर' आणि 'दहा कमी कर' यांतला फरक कानात बसतो, आणि यापुढची सगळी सेटिंग सोपी होतात.

३. शून्याला अर्थ द्या

खोक्यातून काढलेल्या रिसीव्हरवरच्या शून्याला काहीही अर्थ नसतो. तुमचे स्पीकर किती खणखणीत आहेत, तुम्ही किती लांब बसता, खोली किती मोठी, यातलं काही त्याला माहीत नसतं. काठच ठरलेला नाही, तर पाणी किती खोल ते कशावरून मोजणार?

काठ ठरला तो सिनेमाच्या धंद्यातून. ध्वनिमिश्रणाच्या खोलीत ठरावीक पातळीचा, सळसळीसारखा चाचणी-आवाज लावतात. ही पातळी डिजिटल कमाल मर्यादेच्या २० डेसिबल खाली असते. प्रत्येक मुख्य स्पीकर बसायच्या जागी ८५ डेसिबल देईल असं जमवून घेतात. वर उरलेले २० धरले की त्या स्पीकरचा सर्वांत मोठा आवाज १०५ डेसिबलचा होतो. खोल घुमणाऱ्या आवाजांसाठी जी वेगळी वाहिनी असते तिची कमाल ११५ ची. सिनेमा या पातळीवर ऐकत मिसळला जातो. कॅलिब्रेशन, म्हणजे मोजून जुळवणी, केलेल्या घरच्या रिसीव्हरवर शून्य आलं म्हणजे 'मिसळणाऱ्याने ऐकला तेवढा आवाज'. घरातल्या चाचणीला ८५ चा आवाज कानाला त्रासदायक होतो, म्हणून चाचणी-ध्वनी १० ने खाली घेऊन ७५ वर जुळवायची पद्धत आहे. काठ तोच राहतो.

आता प्रत्यक्ष काम.

मायक्रोफोन जोडा आणि मुख्य बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर, छताकडे तोंड करून ठेवा. सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका. मी टेकवला होता. गादी मागून येणारा आवाज खाते आणि रिसीव्हर मागचे स्पीकर उगाच वाढवून ठेवतो. हातात धरू नका, मांडीवर ठेवू नका. मेनूतून आपोआप मोजणी सुरू करा आणि खोलीबाहेर जा, किंवा निदान हलू नका. एकाहून जास्त जागी मोजायला सांगितलं तर सगळ्या जागा मोजा. पहिलीनंतर कंटाळून थांबण्याचा मोह होतो.

सबवूफरच्या, म्हणजे खोल आवाजांच्या वेगळ्या स्पीकरच्या, मागे स्वतःचा वेगळा व्हॉल्यूम असतो. तो मोजणीआधी साधारण मध्यावर ठेवा. तिथेच दुसरं एक बटण असतं, किती हर्ट्झपर्यंतचा आवाज घ्यायचा ते ठरवणारं. ते टोकाला फिरवा किंवा त्याला बाजूला ठेवायची सोय असेल तर ती निवडा, कारण ती वाटणी आता रिसीव्हर करणार आहे. दोघांनी केली तर मधला आवाज कुठेतरी हरवतो.

मोजणी संपली की प्रत्येक स्पीकरसमोर एक आकडा दिसेल, सहसा उणे १२ ते अधिक १२ यांच्या मधला. ही त्या त्या स्पीकरची दुरुस्ती. इथे सापळा आहे: सबवूफरसमोर उणे १२ दिसलं तर 'जुळलं' असं समजू नका. ते पट्टीचं टोक आहे. रिसीव्हरला अजून खाली जायचं होतं, जागाच उरली नाही. सबवूफरचं मागचं बटण कमी करा आणि पुन्हा मोजा.

फोनमधल्या ॲपवर या कामासाठी फार विसंबू नका. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो, खोल आवाजाला तो बऱ्याचदा चुकतो. 'हा स्पीकर त्याच्यापेक्षा मोठा आहे का' एवढी तुलना मात्र तो बरी करतो.

४. संवाद ऐकू येत नसतील तर आवाज वाढवू नका

सिनेमातले जवळपास सगळे संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. संवाद पुटपुटल्यासारखे वाटतात म्हणून आपण मुख्य आवाज वाढवतो, त्याबरोबर स्फोट आणि पार्श्वसंगीतही वाढतं, मग पुन्हा कमी करतो, आणि दोन तास अंगठ्याला विश्रांती नाही.

त्याऐवजी मेनूत 'चॅनल लेव्हल' शोधा आणि फक्त मधला स्पीकर २ ते ३ डेसिबल वाढवा. मोजणीने काढलेल्या आकड्यात ही भर टाकायला काही हरकत नाही. शुद्धतावाद्यांना चालत नाही, मला चालतं. त्याआधी एकदा वाकून बघा: मधला स्पीकर कपाटाच्या आत खोल सरकवलेला नाही ना? त्याचं तोंड तुमच्या गुडघ्याकडे नाही ना? पुढे ओढून थोडा वर कलवला तर कधीकधी भर टाकायचीही गरज उरत नाही.

५. आकडा तोच, आवाज वेगळा का?

उणे ३० वर डिस्कवरचा सिनेमा बेताचा वाटतो, त्याच उणे ३० वर फोनवरचं गाणं घर डोक्यावर घेतं. रिसीव्हर दोन्ही वेळा इमानदारीने तेवढंच करतोय. फरक आत येणाऱ्या आवाजात आहे.

सिनेमात अचानक उसळणाऱ्या आवाजांसाठी बरीच जागा राखून ठेवतात, त्यामुळे साधं बोलणं बरंच खाली असतं. युरोपातल्या प्रसारणासाठी २०१० मध्ये सरासरी पातळी ठरवण्यात आली, डिजिटल कमाल मर्यादेपासून २३ एकक खाली. अमेरिकेत तीच साधारण २४. लोकप्रिय गाणी मात्र वर्षानुवर्षं एकमेकांपेक्षा मोठी वाजवायच्या चढाओढीत कमाल मर्यादेच्या १० एकक खालपर्यंत, काही त्याहूनही वर आली आहेत. स्पॉटिफायसारखी सेवा सगळी गाणी सुमारे उणे १४ वर आणून ठेवते, पण तरीही सिनेमाच्या बोलण्यापेक्षा ती बरीच वरच. हे एकक डेसिबलसारखंच मोजतात, म्हणून २३ आणि १० यांतला १३ चा फरक म्हणजे कानाला दुपटीहून जास्त.

डॉल्बी ही सिनेमाचा ध्वनी साठवायची एक पद्धत, तिच्यात आणखी एक गंमत असते. त्यात संवादाची पातळी सांगणारा आकडा सोबत येतो आणि रिसीव्हर तो वाचून सगळ्यांना उणे ३१ च्या पातळीवर आणून बसवतो. सिनेमावर उणे २७ चा शिक्का असेल तर तो गुपचूप ४ डेसिबल कमी वाजतो. काही रिसीव्हर माहितीच्या पडद्यावर हे दाखवतात. तिथे असा ४ चा आकडा दिसला तर घाबरू नका, हवे असतील तर व्हॉल्यूमने ते ४ परत घ्या.

उपाय म्हणजे 'सोर्स लेव्हल' किंवा 'इनपुट लेव्हल'. प्रत्येक जोडणीला स्वतंत्र, सहसा १२ खाली ते १२ वर. असं करा: डिस्क प्लेअर किंवा ज्यावर तुम्ही सिनेमे जास्त बघता ती जोडणी शून्यावरच राहू द्या. व्हॉल्यूमला हात न लावता एकेक करून बाकीच्या जोडण्यांवर या, सेट-टॉप बॉक्स, गेम, फोन. जी अंगावर येते तिला खाली घ्या. मऊ जोडणीला वर ढकलण्यापेक्षा मोठीला खाली आणणं केव्हाही बरं, वर ढकलताना आवाज फाटायची शक्यता असते. पूर्ण जुळणी कधीच होणार नाही, कारण एका चॅनलवरच्या जाहिराती आणि मालिकाच एकमेकींशी जुळत नाहीत. सोर्स बदलताना कोणी दचकत नाही एवढं झालं की पुरे.

६. तीन कुलुपं

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं.

'पॉवर ऑन लेव्हल': चालू होताना आवाज किती असावा. मूळ सेटिंग बहुधा 'लास्ट' असतं, म्हणजे काल रात्री जिथे सोडला तिथून आज सकाळी सुरू. उणे ४५ च्या आसपास कायमचा ठरवून टाका.

'लिमिट' किंवा 'मॅक्स व्हॉल्यूम': याच्या वर काही केल्या जायचं नाही. डेनॉनवर उणे २०, उणे १० आणि ० असे पर्याय मिळतात. घरात लहान मुलं असतील, किंवा समोरची गोल चकती फिरवायला आवडणारं कोणीही असेल, तर उणे २० पासून सुरुवात करा.

'म्यूट लेव्हल': पूर्ण शांत, उणे ४० की उणे २०. फोन आला की दाबायचं असेल तर पूर्ण शांतच बरं. अर्धवट म्यूट करून मी एकदा अर्धा तास 'स्पीकर बिघडले' म्हणून तारा तपासत बसलो होतो.

आणि उलट सापळा: कोणाचा तरी वापरलेला रिसीव्हर घेतलात आणि आवाज एका आकड्याच्या पुढे सरकतच नसेल, तर दुरुस्तीला नेण्याआधी हे लिमिट बघा.

७. रात्रीचा आवाज

इथे तीन वेगवेगळ्या सोयी आहेत आणि नावं अशी ठेवली आहेत की माणसाने गोंधळावंच.

पहिली, 'डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन', काही ठिकाणी 'नाइट मोड' किंवा 'मिडनाइट'. ही मोठे आवाज दाबते आणि हळू आवाज उचलते. ती ध्वनीबरोबर आलेल्या माहितीवर चालते, म्हणून डॉल्बी किंवा डीटीएसचा (ही तशीच दुसरी पद्धत) मूळ प्रवाह रिसीव्हरपर्यंत पोहोचला तरच उपयोग. तुमचा टीव्ही किंवा बॉक्स आधीच तो उलगडून साध्या पीसीएममध्ये (सोबतच्या माहितीविना नुसता ध्वनी) पाठवत असेल तर हा पर्याय मेनूत फिका दिसेल किंवा दाबून काहीच होणार नाही. तेव्हा बॉक्सच्या ध्वनी-सेटिंगमध्ये जाऊन 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' निवडा.

दुसरी, 'डायनॅमिक व्हॉल्यूम', ऑडिसीवाल्या रिसीव्हरवर (ऑडिसी म्हणजे पायरी ३ सारखी मोजणी आणि दुरुस्ती करणारी एक प्रणाली). हीसुद्धा चढउतार सपाट करते, पण ती स्वतः ऐकत राहून करते, आलेल्या माहितीवर अवलंबून नसते. हलकं, मध्यम, जास्त अशा तीन पायऱ्या. रात्री हलकं चांगलं. 'जास्त' लावलंत तर सिनेमातल्या शांत प्रसंगात पार्श्वभूमीची सरसर फुगून वर येते.

तिसरीचं नाव जवळपास तेच आणि काम अगदी वेगळं: 'डायनॅमिक इक्यू'. यामाहावर याच जातीची सोय 'वायपाओ व्हॉल्यूम' या नावाने असते. हिच्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की माणसाच्या कानाला सगळे सूर सारखे ऐकू येत नाहीत, आणि आवाज कमी झाला की खोल सूर सर्वांत आधी हरवतात. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकातला एक आकडा सांगतो: १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलवर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला १०० हर्ट्झच्या सुराला सुमारे ६४ डेसिबल लागतात. म्हणजे तुम्ही रात्री आवाज कमी केलात की तबल्यातला बायाँ आधी जातो, मग चाटीची टकटक तेवढी उरते. जुन्या अँप्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते याचसाठी.

डायनॅमिक इक्यू हेच काम जास्त हुशारीने करतं. शून्यापासून तुम्ही किती खाली आहात ते बघून तेवढंच खर्ज परत देतं. आणि इथेच पायरी ३ आठवा: मोजणी न करता हे चालू केलंत तर त्याला काठ कुठे आहे तेच माहीत नसतं, ते अंदाजाने खर्ज ओतत राहतं आणि खोली घुमते. मी नेमकं हेच केलं होतं आणि आठवडाभर सबवूफरला शिव्या देत होतो.

मोजणी करूनही गाण्यांत खर्ज जास्त वाटेल. कारण पायरी ५ मधलंच: गाणी सिनेमाच्या पातळीवर मिसळलेली नसतात. त्यासाठी 'रेफरन्स लेव्हल ऑफसेट' आहे. सिनेमाला ०, शास्त्रीय संगीतासारख्या मोठ्या चढउताराच्या ध्वनीला ५, टीव्हीवरच्या बहुतेक कार्यक्रमांना १०, पॉप आणि रॉकला १५. ही ऑडिसीची शिफारस आहे आणि कानाला बहुतेक वेळा पटते.

८. दोन हात एकाच नळावर

टीव्ही आणि रिसीव्हर एचडीएमआयच्या एआरसी जोडणीने (टीव्हीचा आवाज त्याच तारेतून रिसीव्हरकडे परत आणणारी) जोडले आणि दोघांत सीईसी (एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू असलं, तर टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हरचा आवाज बदलतो. सोय छान आहे. पण ऑप्टिकल तारेने जोडलं असेल तर टीव्हीच्या मेनूत जाऊन बाहेर जाणारा ध्वनी 'फिक्स्ड' आहे का ते बघा. 'व्हेरिएबल' असेल तर आधी टीव्ही आवाज कापतो, मग रिसीव्हर, आणि तुमचा काठ पुन्हा हरवतो.

ब्लूटूथवर फोनची पट्टी आणि रिसीव्हरची पट्टी अशा दोन असू शकतात. फोनची जवळपास पूर्ण वर ठेवा आणि कमी-जास्त रिसीव्हरवर करा. उलट केलंत तर फोन अर्ध्यावर, रिसीव्हर खूप वर, आणि मग कोणीतरी सोर्स बदलून सिनेमा लावतं. एअरप्लेमध्ये (ॲपलच्या फोनवरून बिनतारी आवाज पाठवायची सोय) फोनची पट्टी थेट रिसीव्हरचाच आवाज हलवू शकते, म्हणून खिशातला फोन चुकून दाबला गेला तरी समोरचा आकडा पळतो. पायरी ६ मधलं लिमिट अशाच वेळी कामी येतं.

दुसऱ्या खोलीसाठी 'झोन २' वापरत असाल आणि तिथे स्वतंत्र अँप्लिफायर जोडला असेल, तर झोनचं व्हॉल्यूम 'व्हेरिएबल' आहे याची खात्री करूनच तो अँप्लिफायर चालू करा. 'फिक्स्ड' असेल तर रिमोटने काही कमी होणार नाही आणि ठरलेल्या मोठ्या पातळीचा आवाज सरळ स्पीकरमध्ये जाईल.

९. कुठे थांबायचं

'मग शून्यावर ऐकायचं का?' हा प्रश्न येतोच. थोडा हिशेब करू. तुमचा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८८ डेसिबल देतो असं त्याच्या कागदावर लिहिलंय. तुम्ही ३ मीटरवर बसता. मोकळ्या जागेत तेवढ्या अंतरात सुमारे ९.५ डेसिबल गळतात, खोलीत भिंती त्यातले काही परत देतात. शून्यावरचा १०५ चा शिखर-आवाज मोकळ्या जागेच्या हिशेबाने तुमच्या कानापर्यंत न्यायचा तर १७ अधिक ९.५, म्हणजे २६.५ डेसिबल जास्त. वॅटमध्ये सुमारे ४५०. खोलीच्या मदतीने ते बरंच कमी होईल, तरी सर्वसाधारण रिसीव्हरची दमछाक ठरलेली.

अँप्लिफायर थकला की लाटांची टोकं कापली जातात. ऐकताना आधी कर्कशपणा येतो, गायकाचा 'स' टोचायला लागतो, झांजा चरचरतात. तेवढं झालं की ३ ते ५ ने खाली या. तसंच रेटलं तर सर्वांत आधी स्पीकरचा वरच्या सुरांचा नाजूक भाग जळतो.

कानाचा हिशेबही डेसिबलचाच आहे. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेने कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास अशी आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धा: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. मौजेखातर ऐकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास एवढी मुभा देते. बसायच्या जागी फोनचं ॲप उघडून एकदा अंदाज घ्या. कॅलिब्रेशन केलेल्या माझ्या खोलीत उणे २५ ते उणे २० यांच्यामध्येच सिनेमा भरून वाहतो, शून्य मी फक्त सगळे बाहेरगावी असताना एकदा, एका प्रसंगापुरता लावून बघितला.

रिसीव्हरच्या कपाटाच्या दाराला आतून मी आता एक कागद चिकटवलाय. त्यावर एवढंच आहे: चालू होताना उणे ४५. बातम्या उणे ३८. मालिका उणे ३५. गाणी उणे ३६, ऑफसेट १५. सिनेमा उणे २४, ऑफसेट ०. रात्री दहानंतर उणे ४०, डायनॅमिक व्हॉल्यूम हलकं. लिमिट उणे १०. त्याखाली पेन्सिलीने, दुसऱ्याच कोणाच्या तरी अक्षरात: 'दार आपटायचा प्रसंग आला की आधी सांगणे.'